पेटीला ओल लागू द्यायची नाही

फाट्यावर एस.टी. थांबली तेव्हा माझ्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसरा हात रिकामा होता, कारण पेटी आप्पा सोडायलाच तयार नव्हते. गोणपाटात शिवलेली ती हार्मोनियम त्यांनी स्वतः गाडीत चढवली. कंडक्टर म्हणाला, मागे टाका. आप्पांनी त्याच्याशी वाद घातला आणि ती माझ्या शेजारच्या सीटवर खिडकीकडे बसवली. मला खिडकी मिळाली नाही. आई खाली उभी राहून पदर तोंडाला लावून रडत होती, आणि मी पेटीच्या वरून मान काढून तिच्याकडे बघत होते. आप्पा माझ्याकडे बघतच नव्हते. ते गोणपाटाची गाठ पुन्हा पुन्हा तपासत होते. मी शिकायला निघाले होते, पहिल्यांदा घर सोडत होते, आणि बापाचा शेवटचा निरोप काय, तर "गो बाय, पेटीला वल लागू देव नको हां. वल लागली का संपला सगला."

तुम्ही वाडीतले सगळे त्या दिवशी फाट्यावर होतात. वाडीतल्या गायन मंडळाची पेटी वाडीबाहेर चालली होती, त्यामुळे माणसं जमली होती. माझ्यासाठी एवढी आली असती असं मला वाटत नाही. हे मी आज लिहिते आहे ते तुमच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे घाट चढून वर आले आणि इथल्या कंपन्यांत नाहीतर कॉलेजांत रुजले, त्यांच्यासाठी. माझी बाजू वाडीत कुणी ऐकली नाही. निदान लिहून तरी ठेवावी.

बाहेरच्यांना सांगायला हवं, की आमच्या वाडीत पेटीचा एक नेम होता. पावसाळाभर पेटी कुणा एकाच्या घरात नसायची, ती चुलीवर असायची. म्हणजे ज्याच्या घरची चूल सगळ्यांत जास्त वेळ जळते त्याच्या चुलीवरच्या माळ्यावर ती बांधून ठेवायची. कोकणातल्या पावसात पेटीचे सूर चिकटतात, भात्याला बुरशी धरते, लाकूड फुगतं. धग आणि धूर लागला तरच ती जगते. कुणाची चूल मोठी, यावर मंडळाची बैठक बसायची आणि भांडणंही व्हायची. मग घरोघरी गॅस आला. चुली एकेक करून विझल्या आणि पेटीला पावसाळ्यात ठेवायला जागा उरली नाही. नेमकी त्याच वर्षी मी पिंपरीला मामाकडे राहून डिप्लोमा करायला निघाले होते. कुणीतरी म्हणालं, पेटी पोरीबरोबर देशावर धाडू, तिकडं कोरडं असतं. दरवर्षी एप्रिलात जयंतीला ती परत आणायची, विहारासमोरच्या मांडवात वाजवायची, पुन्हा न्यायची, असं ठरलं. पेटी वाजवायला आप्पांनीच मला शिकवलं होतं. तरी त्या बैठकीत मला कुणी विचारलं नाही.

मामाचं घर पिंपरीत, रेल्वे लाइनजवळच्या वसाहतीत. दोन खोल्या, मामा, मामी, त्यांची दोन मुलं आणि आता मी. आणि पेटी. मामी मूळची मावळातली, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी तिनं पेटीकडे बघून विचारलं, "ही कुटं निजणार? पोरांच्या डोक्यावर?" पेटी लोखंडी कपाटाच्या वर गेली. मी ती रोज संध्याकाळी खाली काढून थोडा वेळ वाजवायची. कॉलेजात मला कुणी ओळखत नव्हतं, माझ्या बोलण्याला मुली हसायच्या, 'काय गो' म्हणून चिडवायच्या. पेटी काढली की निदान हातांना आपण कोण आहोत ते कळायचं.

पण पाऊस पिंपरीतही पडतो हे बैठकीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पत्र्याखालच्या त्या खोलीत भिंती ओल्या व्हायच्या. एका संध्याकाळी मधल्या सप्तकातला पंचम चिकटला. पट्टी दाबली तरी आवाज येईना. मी रडायला लागले. मामा नुकताच शिफ्ट करून आला होता. चाकणच्या एका कंपनीत तो पॅकिंगला होता, कंत्राटावर. त्यानं डब्याच्या पिशवीतून मूठभर पांढऱ्या पुड्या काढून माझ्यासमोर टाकल्या. बाहेरून येणाऱ्या पार्टच्या खोक्यांत त्या असतात, ओल शोषायला. खोकं उघडलं की कचऱ्यात. "रोज बादलीभर फेकतो आमी," तो म्हणाला. एक पुडी फाडून बघितली तर आत निळे मणी. मोहरीपेक्षा थोडे मोठे, काचेसारखे. ते मी पेटीच्या खोक्यात ठेवले आणि सकाळी बघते तर सगळे गुलाबी झालेले. त्यांनी ओल प्यायली होती. पंचम सुटला होता. मामीच्या एका जुन्या तव्यावर मंद आचेवर ते भाजले, तर पुन्हा निळे झाले. मी तो तवा हातात धरून खोलीभर नाचले. ज्याला आमच्या वाडीत आख्खी चूल लागायची, ते मूठभर कचऱ्यानं केलं होतं.

तिथून ते सुरू झालं. पिंपरीतल्या विहारात रविवारी गायन पार्टी बसायची, त्यांच्यात मी पेटी धरायची. त्यांच्या वाद्यांची पावसानं दशा झाली होती. मी त्यांना मण्यांच्या पुड्या दिल्या. मग कुणी म्हणालं, ढोलकीचं पण काही कर. कुणी म्हणालं, तबल्याचं. हळूहळू एक संचच तयार झाला. मामीच्या मशीनवर शिवलेल्या पॉपलिनच्या थैल्यांत मणी. पेटीच्या सुरांवरची धूळ काढायला रंगाऱ्याचा मऊ ब्रश. गाड्यांच्या आतल्या गालिच्याचं कापड कापून उरलेल्या पट्ट्या भोसरीत वजनावर मिळायच्या, त्यांतून पेटीच्या सुरपट्ट्यांखाली घालायचे तुकडे आणि तबल्याखालच्या चुंबळी. पुसायला पिवळं फडकं. हे सगळं एका प्लास्टिकच्या डब्यात, वर स्केचपेननं माझ्या अक्षरात लिहिलेलं: वाद्यांची निगा. आत एक चिठ्ठी. तिच्यावरचं शेवटचं वाक्य मी फार अभिमानानं लिहिलं होतं. 'मणी निळे असतील तर वाद्य सुरक्षित आहे.'

मामी कुरकुरायची. "माझ्या घरात चपात्या भाजायच्या का मणी?" पण रात्रीच्या जेवणानंतर तीच थैल्या शिवायला बसायची आणि मामाची मुलं मणी निवडायची. मला वाटायला लागलं होतं की या शहरात आपण नुसते उतरलो नाही, आपण इथं काहीतरी लावलं आहे.

पिंपरी कॅम्पात रशीदचाचांचं वाद्यांचं दुकान होतं. मूळचे मिरजेकडचे, तोंडात सुपारी, बोलणं निम्मं मराठी निम्मं हिंदी. त्यांनी डबा उघडून सगळं बाहेर काढलं, मणी उजेडात धरून बघितले आणि म्हणाले, "बेटा, माणसं खोकल्याची दवा घेतात, वाद्याची पण घेतील. ठेव काउंटरवर." गणपतीच्या आधी ठेवले, दिवाळीपर्यंत दोनदा संपले. माझी फी त्यातून निघाली. आप्पांना फोनवर सांगितलं तर त्यांनी फी वगैरे ऐकलंच नाही. "आपली पेटी कशी हाय? मनी निले हायत ना?" मी म्हटलं, निळे आहेत. "मग झ्याक."

निगडीत प्राधिकरणातल्या एका बंगल्यात गाण्याचा क्लास चालायचा. तिथल्या बाईंना कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलं आणि त्यांनी बोलावून घेतलं. संगमरवरी जिना, झुल्यावर बसलेल्या बाई, ओळीनं मांडलेल्या सुंदर पेट्या. मी खुर्चीच्या कडेवर बसून मण्यांचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी क्लासमधल्या सगळ्या मुलांसाठी डबे घेतले. माझं आडनाव विचारलं, ते सांगितल्यावर "अच्छा" म्हणाल्या आणि गावाबद्दलचा विषय सोडून दिला. चहा मात्र दिला. मी घरी येऊन मामीला सगळं रंगवून सांगितलं. त्या 'अच्छा'सकट.

थंडी पडली तरी मणी निळेच होते. संक्रांत झाली, मणी निळेच. सुरुवातीला आठवड्यानं ते गुलाबी व्हायचे. आता तव्यावर ठेवायची गरजच पडत नव्हती. लोक दुकानात येऊन सांगायचे, अजून निळेच आहेत हो तुमचे मणी, काय पक्का माल आहे. चाचा खूश, मी खूश. पेटीच्या बाबतीत तर मी कसलीच कसर ठेवली नव्हती. इतरांना एक थैली दिली असेल तर आमच्या पेटीला चार, खोकं बंद, त्यावर प्लास्टिक, त्यावर गोणपाट. परीक्षेच्या गडबडीत महिनोन्‌महिने मी ती उघडलीही नाही. मणी बाहेरूनच दिसतील असं खोक्याला आणि गोणपाटाला एक भोक ठेवलं होतं, मध्ये फक्त पारदर्शक प्लास्टिक, त्यातून डोळा लावायची. निळे. म्हणजे कोरडं. म्हणजे सगळं ठीक.

हे तुम्ही नीट वाचा. ओल नाही म्हणजे वाद्य सुखरूप, हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. ते मी तुमच्याकडून शिकले होते. आपल्या मुलखात जे काही मरतं ते ओलीनं मरतं. वासे, पुस्तकं, भात, कपडे, माणसांची हाडं. माझ्या जागी तुमच्यातलं कुणीही असतं तरी त्यानं हेच केलं असतं, आणि त्या भोकातून बघून असाच खूश झाला असता.

मार्चमध्ये निगडीच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या एका पेटीची सुरांची फळी तडकली होती. दुसरीच्या भात्याची चिकटवलेली कडा सुटली होती. एका मुलीच्या तबल्याच्या शाईला भेगा गेल्या होत्या. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "तुझा हेतू चांगला असेल गं. पण हे असले प्रयोग तू तुमच्या लोकांत करत जा." इतकी वर्षं झाली, अजून मला ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. पण त्या दिवशी मी त्यावर विश्वास ठेवला नाही. मला वाटलं, यांच्या मुलांनी आदळली असेल, आणि खापर फोडायला आपण सापडलो.

आणि एप्रिलात मी आमची पेटी घेऊन गावाला आले.

त्या मांडवाची आठवण तुम्हाला आहे, मलाही आहे. विहाराला निळ्या पताका, नवे कपडे, मुंबईहून आलेली माणसं. आप्पांनी गोणपाट सगळ्यांसमोर उसवलं. खोक्यातून माझ्या थैल्या बाहेर काढल्या, मणी सगळ्यांना दाखवले आणि म्हणाले, बघा, पोरीनं कशी जपली. माझी छाती फुगली होती. मग त्यांनी भाता मारला आणि पेटीतून नुसती हवा गेली. दमेकऱ्याच्या छातीतून येते तशी. पट्टी दाबायच्या आधीच दोन सूर आपोआप वाजायला लागले आणि बंद होईनात. आप्पांनी झाकण काढलं. आतली फळी आरपार चिरली होती. मंडळाच्या अध्यक्षांनी नुसतं "अरेरे" केलं. आणि आप्पा, माझ्याकडे न बघता, माइकसमोर म्हणाले, "पोरीनं वल लागू दिली."

पेटीला काय झालं ते मला स्वतःलाच तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या वर्षी मोबाइलला स्पीकर जोडून गाणी लावली गेली आणि मी मांडवाच्या मागे ताटं विसळत बसले.

पिंपरीला परतले तर चाचांनी उरलेले डबे पोत्यात भरून ठेवले होते. बऱ्याच लोकांनी आणून आपटले होते. "तू पण शिव्या खा बेटा, मी तर पोटभर खाल्ल्या," ते म्हणाले, पण चहा मागवला. त्यांच्याकडच्या कारागिरानं एक उघडलेली पेटी दाखवली. लाकूड आक्रसलं होतं, सरस सुकून पापुद्रा झाला होता. ओलीनं नाही, कोरडेपणानं. देशावरच्या हवेत दिवाळीनंतर मुळात ओल नसते, आणि जी काही थोडी लाकडाला जगायला लागते तीही माझ्या मण्यांनी पिऊन टाकली होती. मणी निळे राहिले होते, कारण प्यायला काही उरलंच नव्हतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी हे सांगायला मुद्दाम घरी गेले. पेटी तेव्हा आमच्याच माळ्यावर होती. आप्पांनी खास तिच्यासाठी मागच्या दारची जुनी चूल पुन्हा पेटवायला सुरुवात केली होती. आईला धुरानं खोकला लागला होता. मी कागदावर चित्र काढून समजावलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लाकूड सुकून कदी मेलंय? लाकूड वलीनं मरतं." मी आवाज चढवला. ते उठून गेले. त्यानंतर वाडीत तेच खरं झालं. लग्नाकार्यात, बारशात, कुणीही भेटलं की हसून विचारायचं, काय गो, अजून वल लागते काय पिंपरीत? तुम्हाला ती गंमत वाटायची. मला वाटायचं, एक तरी माणूस म्हणेल की हिचं काय म्हणणं आहे ते ऐका. म्हटलं नाही कुणी. आप्पांनी तर नाहीच. मी डबे बंद केले, पेटीला हात लावणंही बंद केलं, आणि गावाला जाणं आईपुरतं ठेवलं.

आता मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. ज्या स्टोअरमध्ये नाजूक इलेक्ट्रॉनिक माल ठेवतात तिथली हवा किती ओली, किती कोरडी, हे बघणं माझं काम. भिंतीवर मीटर आहे. काटा खाली गेला तरी मी अलार्म देते, वर गेला तरी देते. मोठमोठे साहेब माझ्या सहीशिवाय माल हलवत नाहीत. 'मॅडम म्हणतात म्हणजे बरोबर असेल' असं लोक म्हणतात तेव्हा मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. मला हे ज्यांच्या तोंडून ऐकायचं होतं ते कंपनीच्या पगारपत्रकावर नाहीत.

आई गेली. मागच्या हिवाळ्याच्या शेवटी आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि ऑपरेशनसाठी मी त्यांना पिंपरीच्या हॉस्पिटलात आणलं. राहायला माझ्याकडे, पुनावळ्यात. हायवेच्या कडेचं ते एके काळचं गाव. आता सगळे टॉवर, आणि खाली एका गोठ्यात अजून दोन म्हशी. आप्पा गाडीतून उतरले ते गोणपाट घेऊनच. इतक्या वर्षांनी पेटी पुन्हा माझ्या घरी. "तुज्या त्या मुसलमान चाचाकडं दे, बगू काय व्हतंय," एवढंच म्हणाले. चाचा आता थकले आहेत, दुकान मुलगा बघतो, पण पेटी बघून ते स्वतः उठून आले. नवी फळी बसली, भाता नवा झाला, सूर लागले.

फेब्रुवारी-मार्चची इथली हवा तुम्हाला माहीत नाही. आप्पांचे ओठ फुटले, टाचा चिरल्या, एकदा नाकातून रक्त आलं. मी त्यांच्या पलंगाखाली पाण्याचं पातेलं ठेवायला लागले. ते रोज बाल्कनीत नेऊन ओतायचे. "घरात वल कशाला करतंस?" मी पुन्हा भरायची, ते पुन्हा ओतायचे. आम्ही दोघं भांडण न करता भांडत होतो. पेटीसाठी मी वेगळी सोय केली होती. साबणाच्या गुलाबी डबीला भोकं पाडून तिच्यात ओला स्पंज, आणि ती डबी पेटीच्या खोक्यात. त्यांनी ते बघितलं. मी वाट बघत होते की आता हेही ओततील. त्यांनी खोक्याचं झाकण लावलं.

एकदा मला लागोपाठ दोन शिफ्ट कराव्या लागल्या. घरी येऊन आठवलं की स्पंज भिजवायचा राहिला, तो कधीच वाळला असणार. धावत जाऊन खोकं उघडलं. स्पंज ओला होता. गार, नुकताच भिजवलेला. आप्पा एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून पलंगावर पडले होते, झोपल्याचं सोंग करून. त्यांच्या पलंगाखालचं पातेलं रिकामं होतं. मी उभ्याउभ्या रडले, आणि तेवढ्यात मला राग पण आला. एवढं कळत होतं तर इतकी वर्षं मला का जाळलंत?

मी ठरवलं की यंदा जयंतीला जायचं. पेटी वाजणार होती, आणि मला वाटलं, आता तरी ते बोलतील. एक वाक्य पुरे होतं. 'पोरीचं बरोबर होतं.' मी ते वाक्य एस.टी.त बसून त्यांच्या आवाजात कितीदा तरी ऐकलं.

पेटी वाजली. तुम्ही सगळ्यांनी ऐकली. आप्पांनी डोळे मिटून असा भाता मारला की मलाही सगळा राग विसरायला झालं. गाणं संपल्यावर अध्यक्षांनी माइकवरून विचारलं, आप्पानू, पेटी नीट झाली तरी कशी? आप्पांनी घाम पुसला. माझ्याकडे एकदा बघितलं. ते म्हणाले, "पिंपरीला न्हेली, चांगली सुकवून आनली. वल गेली, पेटी बोलायला लागली."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत तुम्ही होतात.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. जायच्या आधी पेटीकडे एकदा बघावं म्हणून घरात गेले. आप्पांनी ती प्लास्टिक लावून, गोणपाट शिवून पावसाळ्याच्या तयारीत ठेवली होती, एक बाजू तेवढी उघडी होती. मी हात घातला आणि बोटांना काहीतरी गार लागलं. माझी साबणाची गुलाबी डबी. पुनावळ्यात मी ती शोधून थकले होते. आत स्पंज, थबथबलेला. म्हणजे त्यांनी मला खरं मानलं होतं. शब्दाशब्दानं मानलं होतं, आणि जसं माझ्या घरी बघितलं तसंच इथं करून ठेवलं होतं. कोकणात. खाडीच्या वाऱ्यात, पाऊस दीड महिन्यावर आलेला असताना. भादव्यापर्यंत ती पेटी आतून कुजली असती. मी तिकडे जे केलं होतं तेच ते इथं उलट करत होते.

बाहेर पडवीत माणसं बसली होती. अध्यक्ष होते, शेजारचे होते, मला सोडायला आलेली मुलं होती. आप्पा मधोमध. त्यांना बाजूला घेऊन सांगावं तर ते उठणार नव्हते, आणि मी गेल्यावर ती डबी ते पुन्हा भिजवणार होते, मी सांगितलेलं म्हणून. न सांगता डबी घेऊन जावं तर दुसरी केली असती. खरं सगळं उलगडून सांगावं, तर मांडवात काल माइकवर बोललेला म्हातारा माणूस सगळ्यांसमोर उघडा पडणार होता. गाडीची वेळ झाली होती. मी डबी सगळ्यांसमोर धरली आणि म्हटलं, "आप्पा, पेटीला वल लागू देऊ नका. वल लागली का संपलं सगळं."

पडवीत एकदम हशा पिकला. अध्यक्ष म्हणाले, "आता कळला पोरीला! किती वर्सांनी कळला!" आप्पा हसले नाहीत. त्यांनी हात पुढे करून डबी घेतली, अंगणात स्पंज पिळला आणि डबी माझ्या पिशवीत टाकली. मग फाट्यापर्यंत चालत आले. गाडी आल्यावर माझी पिशवी त्यांनी वर चढवली आणि खिडकीची सीट पकडून मला तिथं बसवलं.

तर वाडीत आता हा विषय मिटला आहे. मी चूक होते, मी सगळ्यांसमोर कबूल केलं, पेटी वाचली. रोज मीटरखाली उभी राहून मी खरं-खोटं ठरवते आणि इथं कुणी माझ्या शब्दाला आव्हान देत नाही, पण इथं मी बरोबर असले काय नि चूक असले काय, मला त्याचं काही वाटत नाही. ज्यांच्यापुढे बरोबर ठरावं म्हणून जीव तुटतो अशी माणसं जगात एका पडवीत मावतील एवढीच आहेत, आणि त्यांच्यापुढे मी जन्मभरासाठी हरून आले. मला घर म्हणजे आता तेवढी ती पडवी.